खुडूक कोंबडीचा हिवाळा

माझं शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही चांगलं नाही, हे आधीच सांगून माफी मागते. हे वाचणार कोण, तर कुणी नाही. तरी माफी मागितल्याशिवाय माझा हात पुढं सरकत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली. त्यानंतर हातात लेखणीपेक्षा काठी जास्त राहिली, मेंढरांमागची. वेलांटी कुठं आखूड आणि कुठं लांब, हे मला अजून नीट कळत नाही. चुकलं तर समजून घ्यावं.

आज सकाळी माझी तांबडी कोंबडी खुडूक झाली. खुराड्याचं दार उघडलं तरी बाहेर येईना. पोटाखाली एकही अंडं नाही, नुसती माती आहे, आणि त्या मातीवर ती पंख पसरून बसली आहे. हात पुढं केला की अंग फुगवते, कुर्र कुर्र करते. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "बुडवा की तिला गार पाण्यात दोन-तीनदा. डोक्यातलं खूळ जाईल. परत अंडी द्याय लागंल." तसं करतात हे खरं. मी बादली भरलीसुद्धा. मग ती भरलेली बादली तशीच ठेवून आत आले आणि लिहायला बसले.

थंडी पडली आहे. मोहोळच्या बाजूला ज्वारी हुरड्यात आली असेल. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते सांगायचे की कोंबडी बसवावी ती हुरड्याच्या दिवसांत. उन्हाळ्यात अंडी नासतात, पावसाळ्यात पिल्लं भिजून गारठतात. हिवाळ्यात आईच्या पोटाखाली ऊब आणि बाहेर ऊन, दोन्ही मिळतं. त्यामुळं मला हिवाळा आला की अजून कोंबडीच आठवते. लोकांना काय काय आठवत असेल.

आणि कोंबडी आठवली की अंगणवाडी आठवते. मी तिथं मदतनीस होते. अक्कलकोट रोडला कारखान्यांच्या मागं जी वस्ती आहे, तिथं. भिंतीपलीकडं टॉवेलचे माग चालायचे. दिवसभर खटखट, खटखट. पोरांना त्या आवाजाची इतकी सवय की वीज गेली आणि माग थांबले की सगळी दचकून एकमेकांकडं बघायची. कापसाची पिसं खिडकीतून आत यायची आणि खिचडीच्या पातेल्यावर बसायची. झाडलोट, पाणी, खिचडी, पोरांना घरून आणणं आणि घरी पोचवणं, हे माझं काम. शिकवायचं काम सुनंदाताईंचं. पण त्यांना ऑफिसातल्या मीटिंगा फार. मग त्या चपला घालता घालता म्हणायच्या, "मावशी, तेवढं बघा हं पोरांकडं." बघा म्हणजे शिकवा.

मला लोकांपुढं बोलायला येत नाही. लग्नात, हळदीकुंकवात मी भिंतीला पाठ लावून बसते. पण चार-पाच वर्षांच्या पोरांपुढं मला कधी लाज वाटली नाही. ती आपल्याला जोखत नाहीत. सांगितलं ते ऐकतात, नाही पटलं तर उठून पाणी प्यायला जातात.

एका हिवाळ्यात ताई मीटिंगला गेल्या आणि मला एक तक्ता देऊन गेल्या. अंडी घालणारे प्राणी. कोंबडी, बदक, साप, कासव, मगर, बेडूक, मासा. मी काठीनं एकेक चित्र दाखवलं. पोरांनी ओरडून नावं म्हटली. मग मी विचारलं, "अंडं घालणारा कोण आन् पिल्लू देणारा कोण, हे वळखायचं कसं?" कुणाला सांगता येईना. मग मला आबांची गोष्ट आठवली. मेंढरं चारताना त्यांनी मला शिकवलं होतं. ज्याचे कान बाहेर दिसतात ते पिल्लू देणार. ज्याचे कान दिसत नाहीत ते अंडं घालणार. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

पोरांना हे फार आवडलं. एकमेकांचे कान ओढून बघायला लागली.

"मावशी, मासा?"

"कान दिसत्यात का त्याला?"

"न्हाय."

"मग?"

"अंडी."

"उंदीर?"

"उंदराला हायत की कान. पिल्लं."

सोहेल म्हणाला, "वटवाघूळ तो उडता ना, मावशी."

"उडू दे. कान बघ त्याचे, केवढाले."

"रिक्षाला बी दोन कान हायत," मागून एकजण म्हणाला. आरशांना तो कान म्हणत होता. "रिक्षाला पिल्लू व्हतं."

सगळी हसली. मीही हसले. आणि मग अनुषा उठून उभी राहिली. ती तेलुगू घरातली. आई घरी विड्या वळायची, बाप मागावर. मराठी नवं नवं बोलायला लागली होती, एकेक शब्द पाटावर ठेवल्यासारखा ठेवायची. ती माझ्याकडं बोट करून म्हणाली, "मावशीला कान नाही."

मी नेहमी डोक्यावरून पदर घेते, कानांवरून ओढून. लहानपणापासूनची सवय. पोरांनी माझे कान कधी बघितलेच नव्हते.  मी पदर मागं सारला. दोन्ही कान दाखवले, कुड्यांसकट. पोरांनी निःश्वास टाकला. पण अनुषाचं पुरं झालं नव्हतं.

"मग तुझा पिल्ला कुठं आहे?"

दारात सुनंदाताई उभ्या होत्या. मीटिंग लवकर सुटली असावी. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, तुम्हीच की मावशींची पिल्लं."

ताई चांगल्या होत्या. त्यांनी मला सांभाळून घेतलं. पोरांनाही ते पटलं, ती लगेच चिवचिव करत माझ्या अंगाला येऊन चिकटली. मला बरं वाटलं, नाही कसं म्हणू. पण साडेबारा वाजले की मी एकेकाला त्याच्या दारात पोचवायची. दार उघडायचं, आतून एक हात यायचा, पोर आत जायचं. शेवटच्या पोराचं दार लागलं की गल्लीत मी एकटी. सगळ्यांनी धरून धरून बोटं ओलसर झालेली. घरी जाऊन मी लगेच हात धुवत नव्हते.

मालक जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आमच्या घरात पाळणा हलला नाही. त्याचं कारण ना त्यांना कळलं ना मला. आबांचा नियम माझ्या बाबतीत चुकला, एवढंच.

तक्त्यावर पोरांचा विश्वास नव्हता. त्यांच्या लेखी अंडं म्हणजे दुकानातल्या ट्रेमधली वस्तू. आठवड्यातून एकदा अंगणवाडीत उकडलेलं अंडं मिळायचं, तेवढी ओळख. अनुषा त्याला गुड्डु म्हणायची, बसवराज मोट्टे म्हणायचा, सोहेल अंडा म्हणायचा, आणि खायची वेळ आली की सगळी सारखीच गप्प. ताई म्हणाल्या, "चित्रात काय कळतंय यांना. मावशी, तुमच्याकडं कोंबड्या आहेत ना? आणा की एखादी बसवून इथंच."

माझी एक काळी कोंबडी तेव्हा नुकतीच खुडूक झाली होती. मी पाटीत राख घातली, वर मऊ काड पसरलं, गावठी अंडी ठेवली. विषम ठेवायची असतात, म्हणून शेवटचं एक उचलून परत घेतलं. काडाखाली लोखंडी खिळा घातला. आभाळ गडगडलं तर अंडी फुटकी निघू नयेत म्हणून घालतात. हिवाळ्यात आभाळ कुठलं गडगडतंय, पण आई घालायची म्हणून मीही घातला. धान्याच्या कोठीमागं कोपऱ्यात पाटी ठेवली. पोरांना सांगितलं, लांबून बघायचं, हात लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

त्या दिवसांत अंगणवाडीत जी शांतता होती ती पुन्हा कधी बघितली नाही. पोरं चवड्यांवर चालायची. एकमेकांना दटावायची, "हळू बोल रं, ती अंडं शिजवतीया." मी सांगायची, शिजवत नाही, उबवते. तर म्हणायची, "तेच की." माग खटखट करायचे आणि कोंबडी डोळे अर्धे मिटून बसून राहायची. रविवारी अंगणवाडी बंद. पण दाणापाणी कोण करणार? किल्ली माझ्याकडंच असायची. रविवारी मी जायची, कुलूप काढायची, तिला उठवून दाणे टाकायची. ती घाईघाईनं खायची, पाणी प्यायची, आणि पळत पाटीत. तेवढ्या वेळात मी अंड्यांवर हात ठेवून बघायची. आतून ऊब यायची. त्या बंद खोलीत आम्ही दोघी.

लहानपणी माळावर मेंढरं घेऊन गेलो की टिटवीची अंडी दिसायची. घरटं नाही, काही नाही. नुसती खड्यांमध्ये ठेवलेली, खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. आबा तिथं काठी रोवायचे म्हणजे मेंढरं काठीला बघून फुटायची, दोन बाजूंनी निघून जायची. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायची. मी विचारायची, आबा, तिनं असं उघड्यावर का ठेवलं? ते म्हणायचे, "तिला जे जमलं ते तिनं केलं." मी ती काठी उभी असलेली बघत खूप वेळ बसायची. दुसरी कुणी पोर नव्हती खेळायला. मी आणि ती टिटवी, दोघी तिच्या अंड्यांवर नजर ठेवून.

एका सकाळी मी पाटीत बघितलं तर एक अंडं जास्त. पांढरं, मोठं, दुकानातलं. गावठी अंडी मळकट, लहान, त्यांच्यात ते लगेच उठून दिसत होतं. कानाशी धरून हलवलं तर आत काही हललं नाही. उकडलेलं.

कुणी ठेवलं हे विचारावं लागलं नाही. अनुषा दारातून माझ्याकडं बघत होती. आदल्या दिवशी अंडी वाटली होती, तिनं खाल्लं नव्हतं, पोटाशी झग्यात धरून ठेवलं होतं.

"माझा गुड्डु," ती म्हणाली. "माझा पिल्ला पण निघेल."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं की सांगू नये, हे मला आजही ठरवता येत नाही. मी अंडं परत ठेवलं. ताई म्हणाल्या, "काढून टाका, नासेल." मी म्हटलं, "दोन दिस राहू द्या." अनुषा रोज सकाळी आली की दप्तर टाकून आधी तिथं जायची. कोंबडी ते पांढरं अंडंही आपल्याच पोटाखाली घ्यायची, चोचीनं फिरवायची. तिला काही फरक नव्हता.

मग एक दिवस ताईंनी मोबाइलची बॅटरी लावली आणि म्हणाल्या, आज आपण अंड्याच्या आत बघू. दुपार होती, बाहेर लख्ख ऊन. अंधार कुठून आणायचा? मी घरून मोठी चादर आणली. आम्ही सगळी चादरीखाली शिरलो, पोरं, ताई, मी. गरम होत होतं. सगळ्यांच्या तोंडाला खिचडीचा वास. ताईंनी बॅटरीवर एक गावठी अंडं धरलं आणि ते आतून पेटल्यासारखं लालसर झालं. बारीक बारीक शिरा, आणि मध्ये एक काळा ठिपका, हलणारा.

 सोहेलनं माझा दंड घट्ट धरला.

दुसरं अंडं धरलं, तिसरं धरलं. मग अनुषानं आपलं पांढरं अंडं पुढं केलं. ताईंनी माझ्याकडं बघितलं.  त्यांनी ते बॅटरीवर ठेवलं. आतून उजेड आलाच नाही. सगळीकडून नुसतं अंधारलेलं.

अनुषा म्हणाली, "माझा झोपला."

चादरीबाहेर आल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. अंडं उकळलं की त्याच्यात जीव राहत नाही. आणि हे दुकानातलं तर न उकळता ठेवलं असतं तरी त्याच्यातून काही निघालं नसतं. त्या कोंबडीच्या घरात कोंबडा नसतो. हे मागं बसलेल्या पोरांनी ऐकलं. एकजण म्हणाला, "आमच्या घरी पप्पा हायत." दुसरा म्हणाला, "आमचे गावाला गेल्यात." ताई तोंडावर ओढणी धरून स्वयंपाकाच्या खोलीत पळाल्या. अनुषा हसली नाही. तिनं अंडं माझ्या हातात दिलं आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. त्या दिवशी घरी सोडताना तिनं माझं बोट धरलं नाही.

पिल्लं निघाली तेव्हा अंगणवाडीत जत्रा झाली. आया आल्या, वस्तीतली म्हातारी माणसं आली. ओली, लडबडलेली पिल्लं बघता बघता फुलायची. सगळ्यात शेवटी एक राहिलं. त्याला कवच फोडायला फार वेळ लागला. बाकीची आईच्या पंखातून डोकी काढत होती आणि हे अजून आतून टकटक करत होतं. अनुषा त्याच्यापुढं बसली ती उठेना. घरी जायची वेळ झाली तरी उठेना. मी बाकीच्यांना पोचवून परत आले तर ते बाहेर आलेलं, आणि ती त्याच्याकडं बघत बसलेली. मी म्हटलं, "हे तुझं."

त्या संध्याकाळी तिची आई माझ्या दारात. बोटांना तंबाखूचा वास, पदराला सुताची रिळं बांधलेली.

"अक्का, पोरगी जेवेना. कोडिपिल्ला, कोडिपिल्ला एकच लावलंय, कोंबडीचं पिल्लू. तुम्ही दिलं म्हणते. खरं का?"

"व्हय. दिलं की."

"किती पैसे?"

"अवं, पैसं कशाचं. पोराच्या जातीला दिलं."

"फुकट नको, अक्का. फुकटचं जनावर टिकत नाही."

हे मला मोडता आलं नाही. कारण आबा पण हेच म्हणायचे. घरातलं कोकरू सख्ख्या बहिणीला दिलं तरी तिच्याकडून काहीतरी घ्यायचे. रिकाम्या हाती जनावर दारातून जाऊ द्यायचं नाही, दोन्ही घरांना ते लाभत नाही.

पुढं ती म्हणाली, "आणि ठेवू कुठं? एक खोली, त्यात विड्याची सुपं. तंबाखूत नाचलं तर मुकादम मलाच कापून ठेवील."

मग आमचं ठरलं. पिल्लू माझ्याकडंच वाढवायचं, पण अनुषाचं. मोठी तलंग झाली, अंड्यावर यायच्या बेतात आली म्हणजे जी किंमत येते, ती धरायची. शनिवारी विडीच्या कारखान्यात पगार व्हायचा. ती म्हणाली, "दोन-तीन पगारात देऊन टाकते." मी म्हटलं, "कशाला घाई. दर शनिवारी थोडं थोडं पोरीच्या हातानं पाठवा. सवडीनं."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "देव माणूस आहात, अक्का." मी मान खाली घातली. सवड तिला हवी होती त्यापेक्षा मला जास्त हवी होती.

त्यानंतरचे शनिवार. उन्हं उतरली की गल्लीत तिच्या चपलांचा आवाज. मुठीत दहाची नोट, घामानं मऊ झालेली. ती नोट माझ्या हातात द्यायची आणि सरळ परसात. पिल्लाशी ती तेलुगूत बोलायची, माझ्याशी मराठीत. मी शेंगाची चटणी आणि भाकरी द्यायची. ती अर्धी भाकरी खायची, अर्धी चुरून टाकायची. आम्ही पालीची अंडी शोधली, मीटरच्या पेटीमागं दोन निघाली, औषधाच्या गोळ्यांसारखी. मुंग्या अंडी तोंडात धरून भिंत चढत होत्या तेव्हा ती म्हणाली, "घर बदलते." मी म्हटलं, व्हय, बदलत्यात. एका शनिवारी तिला ताप होता, ती आली नाही. मी भाकरी करून ठेवली होती. ती रात्री कोंबड्यांना टाकली.

शनिवार असला की आदल्या दिवशीपासून घरात काहीतरी असल्यासारखं वाटायचं. बाकीचे दिवस नुसते शनिवारकडं जाणारे.

आज लिहितेय तर बाहेर अंगणवाडीतली पोरं ओरडताना ऐकू येतात. मी काम सोडून आता बराच काळ झाला. नवी मदतनीस शिकलेली आहे, चांगली आहे. भिंतीवर टीव्ही बसवलाय म्हणतात, त्यात कासव वाळूत अंडी घालताना दिसतं. मला बघायची इच्छा आहे, पण जाऊन काय सांगू, कशाला आले म्हणून. तांबडी अजून तशीच बसली आहे. मघाशी बादलीतलं पाणी तुळशीला ओतलं.

पिल्लाची तलंग झाली. तुरा लाल व्हायला लागला. उन्हाळा गेला, अनुषा पहिलीत गेली, तरी शनिवारी यायची. माझ्या हिशेबानं अजून पुष्कळ शनिवार बाकी होते. मग एका शनिवारी ती आईबरोबर आली. नवी साडी, केसात अबोली. विडी कामगारांच्या वसाहतीत त्यांना घर लागलं होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"अंगण आहे, अक्का," तिची आई म्हणाली. "दोन हात का होईना, आपलं. आता कोंबडी नेते."

"व्हय, न्या की. तुमचीच हाय."

अनुषा परसात गेली आणि तलंग कवेत घेऊन आली. कोंबडी फडफडली नाही, तिच्या हाताची तिला सवय होती. आईनं कमरेची पिशवी सोडली. राहिलेले सगळे पैसे एकदम आणले होते. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, सावकाश पाठवा."

"कोण येणार आता एवढं लांबून?" ती हसली. "बाकी ठेवून नवीन घरात कसं जायचं, अक्का? घ्या."

तिनं नोटा माझ्या तळहातावर ठेवल्या, माझी बोटं मिटवली. "मोजून घ्या."

"काय मोजायचं."

"नाही, मोजा. माझ्यासमोर मोजा."

अनुषा उंबऱ्यावर उभी होती, कोंबडीच्या पाठीवर हनुवटी टेकून. मी उजेडाकडं वळले आणि एकेक नोट मोजली. हळू मोजली. बरोबर होते.